खाऱ्या वाऱ्यातली जिप्सी : चासी आणि अंडरबॉडीचं काम कुठवर आलं

मार्च

गुहागरच्या आमच्या मारुती जिप्सीची बॉडी चासीवरून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरून, उतरली. बॉडीला चासीशी धरणाऱ्या माउंटचे निम्मे बोल्ट पान्याने फिरले, बाकीचे ग्राइंडरने कापले. वाडीतल्या पोरांनी मोकळा टब, म्हणजे बॉडीचं रिकामं खोकं, हातांवर उचलून मांडवाखाली ठेवला. आता चासी घोड्यांवर (स्टँडवर) आहे आणि पहिल्यांदाच सगळीकडून नीट दिसते आहे.

आधीच्या मालकाने कधीतरी खालून जाड डांबरी अंडरकोट मारून घेतला होता. खाली वाकून बघितलं तर काळाभोर, एकसंध, देखणा. स्क्रॅपर घातला की मात्र तळहाताएवढे तुकडे सुटत होते, आणि आत तपकिरी पापुद्रे निघत होते, तेही ओलसर. गाडी कित्येक आठवडे शेडमध्ये उभी असूनही ओलसर. डांबर जुनं झालं की कडक होतं, चासी पिळवटते तिथे त्याला बारीक भेगा जातात. भेगेतून पाणी आत शिरतं, पण बाहेर यायला त्याला वाट नसते. लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो लेपाला आतून ढकलत राहतो आणि पोकळी वाढत जाते. लेप शाबूत दिसतो तोवर मालक निर्धास्त असतो, हे यातलं सगळ्यात वाईट.

हातोडीने पूर्ण चासी आणि टबचं पोट, म्हणजे खालची बाजू, ठोकून काढली. चांगलं लोखंड टणटण वाजतं, गेलेलं बद्द वाजतं. पुढच्या दोन्ही पायांखालचा पत्रा, मागच्या चाकांच्या कमानी, मागचा क्रॉस मेंबर (चासीची आडवी दांडी) आणि बॉडी माउंटच्या कंसांचे कोपरे बद्द वाजले. शृंगारतळीच्या वेल्डर मेस्त्रींनी बोटाने दाबून एकच वाक्य सांगितलं, "वरनं बरा दिसतो वो, आतनं गेलाय." खडूने खुणा करून ठेवल्या.

ब्रेकचे पाइप मात्र लगेच काढून फेकले. क्लिपा जिथे पकडतात तिथे खाली मीठ आणि माती साठते आणि पाइप नेमका तिथेच बारीक होतो. पत्र्याला भोक पडलं तर पाणी आत येईल, ब्रेकचा पाइप फुटला तर गाडी नीट थांबणार नाही. नवीन पाइप तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे घेतले आहेत. ज्यांना बाकी काहीच करायचं नाही त्यांनीही क्लिपा सोडवून पाइप बघावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एप्रिल

हा महिना जवळजवळ धुण्यात गेला. सविस्तर लिहितो, कारण आपल्या किनाऱ्यावर मुख्य काम हेच आहे. रंग कुठला, वॅक्स कुठलं, यावर आपण तासन्‌तास बोलतो. मीठ आतच राहिलं असेल तर त्यातलं काहीही टिकत नाही.

नुसत्या पाण्याने गंज चढतो, पण सावकाश. मीठ विरघळलेलं पाणी वीज जास्त वाहून नेतं, त्यामुळे गंजाची विद्युत-रासायनिक क्रिया जोरात चालते. शिवाय क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक पापुद्रा फोडतो आणि बारीक खड्डे पाडत आत जातो. त्यात मीठ स्वतः हवेतलं पाणी ओढतं. साधं मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर पाझरायला लागतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ बघावं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते सुमारे ३३ टक्क्यांनाच पाझरतं. आपल्याकडे हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे चासीच्या खड्ड्यात अडकलेलं मीठ जवळजवळ वर्षभर ओलं असतं आणि गंजाचं काम शेडमध्येसुद्धा चालू राहतं. मार्चमधल्या त्या ओलसर पापुद्र्यांचं कारण हेच.

त्यामुळे ग्राइंडर हातात घेण्याआधी धुवायचं, असा क्रम ठरवला. सुक्या गंजावर थेट कप ब्रश फिरवला की वरचं लोखंड चकाकतं, पण खड्ड्यातलं मीठ खड्ड्यातच दाबलं जातं. प्रेशर वॉशरने बाहेरून धुतलं. चासीच्या पोकळ दांड्यांत प्रत्येक भोकातून लांब नळी घालून आतून धुतलं. आतून जे निघालं ते बादलीत धरलं: जांभ्याची लाल माती, समुद्राची वाळू, पापुद्रे, कुजलेला पाला. मागच्या टोकाला तर मातीचा गच्च बोळा बसला होता आणि पाणी निचरायची भोकं पूर्ण बुजली होती.

आता पाण्याचा प्रश्न. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्याच पाण्याने धुतलं तर मीठ काढून मीठच लावलं. ओळखीचे एक सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, त्यांच्याकडून सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण मिळालं. पाण्याच्या नमुन्यात विरळ नायट्रिक आम्लाचा थेंब टाकायचा आणि मग या द्रावणाचा. क्लोराइड असेल तर पाणी दुधाळ होतं. तुलनेला बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर ठेवायचं. हातमोजे हवेतच, कातडीवर याचे काळे डाग पडतात आणि लवकर जात नाहीत. आमच्या खालच्या विहिरीचं पाणी लगेच दुधाळ झालं, वरच्या सड्याकडच्या झऱ्याचं फक्त किंचित धुरकट. मग झऱ्याचं पाणी टाकीत भरून आणलं आणि शेवटची सगळी धुणी त्यानेच केली. चासीतून गळणारं पाणी आणि झऱ्याचं मूळ पाणी चाचणीत सारखं दिसेपर्यंत धूत राहिलो. मागच्या क्रॉस मेंबरने सगळ्यात जास्त छळलं. धुऊन, वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतलं की पुन्हा दुधाळ, कारण खड्ड्यांतून मीठ सावकाश बाहेर येतं. ही चाचणी स्वस्त आहे, बघण्यात आनंद आहे आणि तिच्याइतका खरा निकाल दुसरं काही देत नाही.

मे, पहिला भाग

वेल्डिंग झालं. गेलेला पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला, गंजावर तुकडा चिकटवला नाही. दोन पत्रे जिथे एकावर एक येतात तिथे जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर आधी मारला, कारण वेल्डनंतर त्या फटीत ब्रश पोचत नाही. जस्ताचा धूर वाईट, त्याने अंगात ताप भरतो. म्हणून काम उघड्यावर आणि मास्क लावूनच केलं.

चासी ब्लास्टिंगला, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण मारून गंज काढायला, चिपळूणजवळच्या खेर्डीच्या एमआयडीसीत पाठवली. तिथे सुकी वाळू वापरू नका असं आधीच बोलून घेतलं होतं. वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने कामगारांच्या फुप्फुसांना सिलिकोसिस होतो, आपल्या छंदापायी कुणाच्या छातीत धूळ जाऊ नये. तुम्हीही आवर्जून विचारा, स्टील ग्रिट किंवा गार्नेट वापरणारे मिळतात. उघडं लोखंड गुहागरला आणायचंच नाही, हेही ठरलेलं होतं. चिपळूण समुद्रापासून चाळीसेक किलोमीटर आत आहे, म्हणून ब्लास्टिंग झाल्यावर त्याच दिवशी तिथेच दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचा पहिला हात दिला. उघड्या पत्र्याला हात लावताना कापडी मोजे घातले होते. घामातलं मीठसुद्धा मीठच.

मे, दुसरा भाग

टबचं पोट आणि चासीचा दुसरा हात घरीच. इथे वेळेचं गणित फार महत्त्वाचं ठरलं. हवा ज्या तापमानाला उतरली की दव धरतं तो दवबिंदू. ज्यावर रंग मारायचा तो पत्रा या दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम हवा आणि हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी, हा रंगकामातला मान्य नियम आहे. दुपारी ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू साडेपंचवीस अंशांच्या आसपास येतो. दिवसभरात तो फारसा बदलत नाही, पण रात्री पत्रा त्याच्या जवळ उतरतो. त्यामुळे पहाटे पत्रा हाताला कोरडा लागला तरी त्यावर न दिसणारी ओल असू शकते. दुपारी पत्रा छान तापतो, पण तोवर खारे वारे सुटलेले असतात आणि ओल्या रंगावर मीठ येऊन बसतं. रात्रभर मतलई वारा जमिनीकडून वाहतो, म्हणून सकाळची हवा त्यामानाने स्वच्छ असते. म्हणजे ऊन पत्र्यावर येऊन तो तापल्यापासून खारा वारा धरेपर्यंतची सकाळ आपली. साधारण नऊ ते अकरा. रंगाचा हात झाला की मांडवाची समुद्राकडची बाजू ताडपत्रीने बंद करायची.

स्प्रे गन चालवण्याआधी सगळ्या कडा, वेल्डचे सांधे आणि बोल्टची भोकं ब्रशने रंगवून घेतली. ओला रंग कडेवरून मागे सरकतो आणि तिथे थर पातळ राहतो. गंज तिथूनच सुरू होतो. इपॉक्सी वाळल्यावर सांध्यांत पॉलियुरेथेन सीम सीलर भरला. दगड उडतात त्या चाकांच्या कमानींत रबरी स्टोन-चिप कोट दिला. फक्त तिथेच. बाकी कुठेही जाड काळं काही मारलेलं नाही. पोट राखाडी ठेवलं आहे, तांबडा ठिपका लांबून दिसावा म्हणून.

जळक्या ऑइलबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. आपल्याकडे पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला काळं ऑइल फासायची पद्धत जुनी आहे आणि त्यामागची जाण खरी आहे: तेलाचा हात असला की पाणी लोखंडाला भिडत नाही. पण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये आम्लं आणि डिटर्जंट असतात, ते रबराचे बुश खातं, पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातं आणि आपल्याच विहिरीकडे वाहतं. त्यापेक्षा आपल्या होड्यांची परंपरा शहाणी होती. लाकडाला माशाचं तेल चोळायचे, काजूच्या टरफलाचं तेल लावायचे. माशाचं तेल हवेत सुकून धरून राहतं. अमेरिकेत एका जहाजाच्या कप्तानाने गंजलेल्या डेकवर सांडलेलं माशाचं तेल गंज थांबवतं हे पाहिलं आणि १९२१ साली त्यातूनच रस्ट-ओलियम हा रंगाचा उद्योग उभा राहिला. बंदरावरच्या माणसाला हे नवं वाटणार नाही.

मी वापरलं लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, ३६० अंशांत फवारा मारणाऱ्या लांब नॉझलने चासीच्या दांड्यांत आतून मारलं आणि निचऱ्याच्या भोकांतून बाहेर ठिबकेपर्यंत मारत राहिलो. ठिबकणं थांबल्यावर प्रत्येक भोकात तार फिरवून ते मोकळं केलं. बाहेरून सगळ्या पोटावर पातळ हात दिला. सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम आणि डिस्क, रबरी होज, बुश हे सगळं आधी झाकून घेतलं. लॅनोलिन ४० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे सायलेन्सरजवळ ते टिकणार नाही हे गृहीत धरलं आहे. ते कडक होत नाही, चरा पडला तर सावकाश सरकून भरून येतं, आणि मला त्याचं मोल सगळ्यात जास्त वाटतं ते याचसाठी.

बॅटरीला जोडायच्या इलेक्ट्रॉनिक गंजरोधक डब्यांबद्दलही विचारणा झाली. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. लाँचच्या (यांत्रिक होडीच्या) पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे लावतात आणि ते उत्तम काम करतात: जस्त स्वतः झिजतं आणि बाकीचा धातू वाचतो. हम्फ्री डेव्हीने १८२४ साली ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी हेच तत्त्व मांडलं. पण जस्त आणि जपायचा धातू दोन्ही एकाच समुद्रात बुडालेले असतात, विजेचा प्रवाह पाण्यातून वाहतो. गाडी हवेत असते. एका कोपऱ्यातल्या ओल्या डागापासून दुसऱ्या डागापर्यंत सलग पाणीच नाही, मग प्रवाह जाणार कुठून?

जून ते सप्टेंबर

पावसाच्या आत बॉडी बसली आणि गाडी रस्त्यावर आली. धो धो पावसाची मला काळजी नाही, पावसाचं पाणी गोडं असतं आणि पोट धुऊन देतं. काळजी असते ती गाड्या नेणाऱ्या धोपावे–दाभोळ फेरीबोटीची. भरतीला उताराच्या रॅम्पवर समुद्राचं पाणी असतं आणि चाकं ते थेट कमानींत उडवतात. फेरीबोटीने दापोलीला गेलो की परत आल्यावर त्याच दिवशी झऱ्याच्या पाण्याने पोट धुवायचं, असा नेम ठेवला. मासळीच्या टेम्पोमागेही चालवत नाही, बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर गळत असतं. वाळूत गाडी घालणं बंदच आहे, ओळखीच्यांनी कितीही आग्रह केला तरी.

ऑक्टोबर

उघाडी पडल्यावर गाडी उचलून बघितली. मोबाइलला जोडायचा वळणारा कॅमेरा चासीच्या भोकांतून आत घातला. आत लॅनोलिन पिवळसर, ओलसर, जागच्या जागी आहे. वेल्डचे सांधे स्वच्छ. पुढच्या क्रॉस मेंबरवर दगडाचे टवके आहेत, इपॉक्सी उडालेली आहे, पण गंज पसरलेला नाही. तिथे पॉलिश पेपर मारून, धुऊन, ब्रशने पुन्हा हात दिला. मागच्या डाव्या कमानीत सीम सीलरची कड सुटली होती, ती कापून नव्याने भरली.

एकच जागा मनाला लागली आहे: पेट्रोल टाकीखालची संरक्षक प्लेट. तिच्यात आणि टाकीत लाल चिखल अडकून बसला होता आणि तो चिखल चाचणीत दुधाळ झाला, म्हणजे फेरीबोटीचं मीठ तिथे मुक्कामाला आहे. थंडीत टाकी रिकामी करून प्लेट उतरवणार आहे. सगळ्यात खालच्या बिंदूला निचऱ्याची मोठी भोकं पाडायची, कडा रंगवायच्या आणि प्लेट स्पेसरवर (मधे घालायच्या जाड तुकड्यांवर) थोडी खाली बसवून वरून नळी फिरेल इतकी फट ठेवायची, असा विचार आहे. ज्यांनी जिप्सीच्या टाकीखाली असा बदल केला आहे त्यांनी स्पेसर किती जाडीचे घेतले आणि दगडांवर प्लेट आपटते का, ते जरूर कळवा.