आधी बॅटरी, मग बाकीचं सगळं

जुना कॉम्प्युटर हाती आला की पहिली खाज सुटते ती ऑन करून बघायची. मी पण तेच केलं असतं, पण मागे एका पीसीच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर कपॅसिटर फुटून खोलीभर जो धूर झाला होता त्याचा वास अजून नाकात आहे, त्यामुळे यावेळी हात आवरला आणि आधी स्क्रू ड्रायव्हर काढला.

मशीन म्हणजे ४८६ डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झ, आडवा डबा, वर मॉनिटर ठेवायचे तसला. हा प्रोसेसर इंटेलने १९९२ मध्ये आणला, मदरबोर्ड पळतो ३३ मेगाहर्ट्झवर आणि प्रोसेसर आतल्या आत दुप्पट. झाकण उघडलं तर धूळ होतीच, पण मी सरळ कीबोर्डच्या सॉकेटशेजारी बघितलं. तिथे निळी, पिंपासारखी निकेल कॅडमियम बॅटरी आणि तिच्या दोन्ही टोकांना हिरवट बुरशी धरल्यासारखं काहीतरी. झालं कल्याण!

ही बॅटरी असते घड्याळ आणि बायोसची (मशीन सुरू करणारा बोर्डावरचाच छोटा प्रोग्रॅम) सेटिंग्ज टिकवायला. ती गळायला लागली की आतलं अल्कली बोर्डावर पसरतं आणि तांब्याचे बारीक ट्रॅक खात सुटतं, तेही वरच्या हिरव्या कोटिंगच्या खालून, त्यामुळे वरवर बघितलं तर बोर्ड ठणठणीत. म्हणजे तुम्ही मशीन कपाटात कितीही जपून ठेवा, ती बया आत काम करतच असते. जुनं मशीन मिळालं आणि बाकी काही करायला वेळ नसेल तर नसू दे, पण एवढी बॅटरी कापून टाका.

मी कापली, मग कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावलं (अल्कलीला आम्ल, शाळेतलं रसायनशास्त्र कुठेतरी कामाला आलं), मग पाण्याने पुसून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. मल्टिमीटर बीपवर ठेवून (ट्रॅक अखंड असेल तर वाजतो) कीबोर्डची एकेक पिन तपासली तर एका ट्रॅकवर बीप येईना. केसाएवढी वायर घेऊन सोल्डर केली, सांगायला एक ओळ आहे पण तीन संध्याकाळी गेल्या त्यात. नवीन बॅटरी बोर्डावर लावलीच नाही, एक्स्टर्नल बॅटरीच्या पिना असतात त्यावर वायर जोडून सेलचा पॅक लांब ठेवलाय, गळला तर बोर्डावर नाही, डब्यात गळेल.

मग पॉवर सप्लायचे दोन कनेक्टर, काळ्या वायरी मधोमध एकमेकींना चिकटून यायला हव्यात, उलटं लावलं तर बोर्ड गेला. चारदा बघितलं आणि स्विच दाबला. बीप, रॅम मोजायला सुरुवात, आणि पुढच्या डिस्प्लेवर हिरवे ६६! तो आकडा कुणी मोजत नसतं बरं का, मागे जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) लावून ठरवलेला असतो, ९९ पण दाखवता येतो. लहानपणी टर्बो बटण (वेग कमी-जास्त करायचं) दाबून मी किती भाव खाल्लाय.

पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात पांढरं करतात लोक. मी नाही करणार, एक तर ते पुन्हा पिवळं पडू शकतं, वर डाग राहतात ते वेगळेच. असू दे पिवळं.

शेवटी अडलं हार्ड डिस्कवर. बायोस डिस्क स्वतः ओळखत नाही, सिलिंडर, हेड, सेक्टर हे डिस्कच्या रचनेचे आकडे हातानेच भरायचे, आणि डिस्कवरचं लेबल तर पार उडालेलं. झाकण परत लावायला उचललं तेव्हा आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं दिसलं, ९८९, १२, ३५. भरलं तर २१२ एमबी, सुरू! लगेच अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून घेतली. त्या आकड्यांखाली आता मी पण पेन्सिलनेच लिहिलंय, बॅटरी कधी बदलली ते.