गच्चीवरचे चार टोमॅटो : जानेवारीच्या मध्यापर्यंतची नोंद

पेरणी २० सप्टेंबर, बॅगेत लावण १६ ऑक्टोबर. जाती चार : पुसा रुबी, राहुरी कृषी विद्यापीठाची भाग्यश्री, बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकर आणि लाल चेरी. प्रत्येक जातीच्या तीन ग्रो बॅगा, १५ बाय १५ इंची, बॅगेत एकच रोप. एका जातीच्या तिन्ही बॅगा शेजारी न ठेवता आलटून-पालटून मांडल्या आहेत. कठड्याजवळ सकाळचं ऊन उशिरा पोचतं, त्यामुळे एक जात एका कोपऱ्यात गेली की पुढे दिसणारा फरक जातीचा की जागेचा, हे कळत नाही.

भरणीत काळी माती एक तृतीयांशाच्या वर नको. नाशिककडची काळी माती बॅगेत दगडासारखी आवळते, वाळली की कडेने फटी पडतात आणि दिलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. एक भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). वर प्रत्येक बॅगेला मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी. कोकोपीट दोनदा धुऊन घ्यावं. त्यात क्षार उरले तर कोवळ्या रोपांची पानं कडेने करपतात आणि तो रोग समजून नाहक फवारणी होते.

वाढीत चेरी सगळ्यांच्या पुढे. तिला दोनच फांद्या ठेवून सुतळीवर चढवली; बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातून येणारी फूट, बोटभर असतानाच मोडायची, जाड झाल्यावर कापली तर जखम मोठी राहते. पुसा रुबी पसरते, तिला आधार दिला पण छाटणी जवळपास नाही. भाग्यश्री आणि अर्का रक्षकची फक्त पहिल्या फुलोऱ्याखालची फूट काढली. अर्का रक्षक हा पर्णगुच्छ (पानं वळवणारा विषाणूरोग), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक म्हणून दिलेला संकर आहे. डिसेंबरात शेजारच्या पुसा रुबीच्या खालच्या पानांवर करप्याची गोल-गोल वळी दिसली तेव्हा हा स्वच्छ होता. त्याचं बी मात्र पुढच्या वर्षासाठी धरू नये, संकराची पुढची पिढी सारखी येत नाही. पुसा रुबी आणि भाग्यश्रीचं बी धरता येतं.

डिसेंबरअखेरच्या थंडीत फुलगळ झाली. रात्रीचं तापमान १२-१३ अंशांच्या खाली राहिलं की परागकण नीट तयार होत नाहीत. फूल गळतं, किंवा फळ धरलंच तर ते वेडंवाकडं, चिरा पडलेलं येतं. नाशिक जिल्ह्यातल्या थंड निफाडच्या बाजूला हा त्रास आणखी जास्त. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, फुलं कोरडी झाल्यावर, पराग झडावेत म्हणून सुतळीला हलके टिचकी मारणं एवढंच हातात असतं. चेरीने या दिवसांतही थोडी फळं धरली.

भाग्यश्रीच्या पहिल्या घडात काही फळांची बुडं काळी पडली. ही बुरशी नव्हे. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं, आणि ते बहुधा पाण्याच्या अनियमिततेमुळे. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी बादलीभर, असं झालं की होणारच. वर उसाच्या पाचटाचं आच्छादन, रोज सकाळी थोडं पाणी, आणि पंधरा दिवसांनी लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटची आळवणी (पाण्यात विरघळवून मुळाशी देणं). हे स्फुरद (फॉस्फरस) किंवा सल्फेटच्या खताबरोबर एकाच बादलीत कालवू नये, तळाला पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात.

आता पोषणाचं. १०० ग्रॅम कच्च्या टोमॅटोत साधारण ९४ ते ९५ ग्रॅम पाणीच असतं. क जीवनसत्त्व १४ मिलिग्रॅमच्या आसपास, पोटॅशियम सव्वादोनशे-अडीचशे मिलिग्रॅम, उष्मांक १८. जातींतला खरा फरक साखर, आम्ल आणि लायकोपीन या तिघांत आहे, आणि इथेच बरेचजण गोंधळतात. गोड फळ म्हणजे जास्त लायकोपीन असं मुळीच नाही. लायकोपीन हे लाल रंगद्रव्य. भाग्यश्री त्याचं प्रमाण जास्त, बी कमी आणि गर भरपूर म्हणून प्रक्रियेसाठी ओळखली जाते, पण चवीला ती चेरीपुढे सपक लागते.

ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या पदार्थांचं, मुख्यतः साखरेचं, टक्क्यांतलं प्रमाण. ते मोजताना रिफ्रॅक्टोमीटर (रसाच्या थेंबातून जाणारा प्रकाश किती वाकतो त्यावरून हा आकडा दाखवणारं उपकरण) आधी ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्याला आणायचा. एकाच घडातली, पूर्ण रंगलेली तीन फळं घ्यायची आणि फळ देठापासून टोकापर्यंत उभं कापून सगळ्या भागांचा रस एकत्र करायचा, कारण देठाचा भाग आणि टोक यांचा आकडा वेगळा येतो. आकड्यात साखरेबरोबर आम्लं आणि क्षारही धरले जातात. तीन मोठ्या जाती ४ ते ५ मध्ये, चेरी ७ च्या वर. आदल्या दिवशी भरपूर पाणी दिलं असेल तर आकडा उतरतो, म्हणून तोडणीआधीचं पाणी चारही जातींना सारखं हवं.

स्वयंपाकात याचा उपयोग सरळ आहे. लायकोपीन शिजवल्यावर आणि तेलाबरोबर अंगी जास्त लागतं, म्हणून भाग्यश्री फोडणीच्या रश्शाला आणि प्युरीला, तीही सालासकट, कारण सालीत ते जास्त असतं. क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं. ते हवं असेल तर चेरी कच्चीच खावी. पुसा रुबीचा आंबटपणा टोमॅटोच्या साराला उत्तम. तोडलेली फळं फ्रिजमध्ये टाकू नयेत, रंग अर्धा आलेला असेल तर तिथेच अडतो आणि वास जातो.

पुढची मोजणी मार्चअखेर, त्याच जातींवर. दिवसाचं तापमान ३०-३२ अंशांच्या वर गेलं की लायकोपीन बनणं मंदावतं, पिवळं कॅरोटीन मात्र बनत राहतं, आणि फळ खांद्याशी पिवळट-केशरी राहतं. म्हणून तेव्हा प्रत्येक जातीची एक बॅग ३५ टक्के ऊन अडवणाऱ्या शेडनेटखाली सरकवायची आहे, बाकी दोन उघड्या उन्हात.