वळू नये, एवढीच नोंद

परवा दुपारी ओपनस्ट्रीटमॅप या, कोणालाही भर घालता येणाऱ्या इंटरनेटवरील नकाशावर एका चौकातील ‘उजवीकडे वळण्यास मनाई’ नोंदवायला बसलो, आणि ती नेमकी कशावर नोंदवायची, याच प्रश्नापाशी मन घोटाळत राहिले. मनाई चौकाची म्हणावी, तर समोरून येणाऱ्याला तिथे खुशाल वळता येते. आणि रस्त्याची म्हणावी, तर दोघांपैकी कोणत्या? ती असते अमुक रस्त्यावरून, अमुक बिंदूतून, तमुक रस्त्यावर जाण्याची. २००४ साली सुरू झालेल्या या नकाशाला अशा तिघांना एकत्र बांधणारी ‘रिलेशन’ ही सोय २००७ मध्ये मिळाली.

लहानपणी वहीच्या शेवटच्या पानावर रस्ते काढण्याचा मला नाद होता. दोन समांतर रेघांना आणखी दोन रेघांनी छेदले की मधे चौकोन उमटे, आणि त्याच्या चारही बाजू खोडरबराने पुसल्या की चौक वाहतुकीला खुला होई. संगणकातल्या नकाशात पुसायला चौकोनच नसतो. रस्ता म्हणजे रुंदी नसलेली रेघ आणि चौक म्हणजे रेघांचा सामाईक बिंदू. दुभाजक आला की मात्र एका रस्त्याच्या दोन एकेरी रेघा होतात, आणि असे दोन रस्ते एकमेकांना छेदले की जमिनीवरच्या एका चौकाचे नकाशात चार बिंदू होतात. मग यू-टर्नची मनाई त्या बिंदूंमधल्या काही मीटरांच्या तुकड्यालाही गोवून नोंदवावी लागते. म्हणूनच दुभाजक नसताना, केवळ चौक भारदस्त दिसावा म्हणून, एका रस्त्याच्या दोन रेघा करणाऱ्यांवर माझा राग आहे. रंगाचा पट्टा ओलांडणे गुन्हा असेल; पण तो कठडा नव्हे.

मार्ग शोधणाऱ्या प्रोग्रामचीही इथे पंचाईत होते. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली, सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची रीत प्रत्येक बिंदूपर्यंतचा सर्वांत जवळचा मार्ग तेवढा ध्यानात ठेवते. त्याच बिंदूशी लांबून आलेला, पण पुढे हवे तिकडे वळू शकणारा मार्ग ती टाकून देते. यावर तोड म्हणून रस्त्यांनाच बिंदू मानतात आणि एकावरून दुसऱ्यावर जाण्याच्या प्रत्येक मुभेची रेघ काढतात. तिथे बंद वळण म्हणजे केवळ न काढलेली रेघ. ही युक्ती मला विलक्षण आवडते.

इंग्लंडमधील स्विंडन येथे १९७२ पासून पाच छोट्या वर्तुळांचा आणि मधे उलट्या दिशेने फिरणाऱ्या सहाव्याचा एक चौक आहे. त्याची धास्ती मोठी; पण रेघांना एकेरी दिशा दिल्या की नकाशापुरता तो बराचसा सरळ होतो. खरी अडचण साध्या चौकातल्या फलकाची असते: ‘सकाळी आठ ते अकरा, बस वगळून’. वेळ लिहिता येते, बसची सूटही लिहिता येते. सुट्टीच्या दिवसाबद्दल फलक गप्प असेल तर मीही ती जागा मोकळी सोडतो. त्या दिवशी तिथे काय चालते, ते तिथल्या वाहतूक पोलिसालाच ठाऊक.