जज्ज आयझॅक पार्कर: फाशीच्या शिक्षांच्या तक्त्याची नवी मांडणी

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातील फोर्ट स्मिथच्या केंद्रीय कोर्टात जज्ज पार्कर यांनी सुनावलेल्या फाशीच्या शिक्षांसाठी आता दोन पत्रकं झाली आहेत. एकात माणूस, दुसऱ्यात शिक्षा. दोन्ही एकाच क्रमांकाने जोडलेली. याचं कारण अलेक्झांडर अ‍ॅलन. खुनाच्या एकाच आरोपात तो तीनदा दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने १८९३ आणि १८९५ मध्ये निकाल फिरवला आणि तिसऱ्या खेपेला, ७ डिसेंबर १८९६ रोजी, कायम केला. पार्कर १७ नोव्हेंबरलाच वारले होते. एकाच पत्रकात अ‍ॅलन तीनदा मोजला जातो आणि बेरीज १६० च्या पुढे जाते. १६० हा आकडा पार्कर यांनी फाशी सुनावलेल्या माणसांचा आहे, शिक्षांचा नाही. त्यांपैकी ७९ फासावर गेले.

'शेवट' या रकान्यात फाशी, शिक्षेत सूट, माफी, निकाल रद्द, कोठडीत मृत्यू आणि पळताना ठार एवढे पर्याय हवेतच. मांडणी तपासायला १८७५ ची पहिली तुकडी घ्या: शिक्षा आठ जणांना, ३ सप्टेंबरला फासावर सहा, एक पळताना मारला गेला, एकाला कोवळ्या वयामुळे सूट. हे जुळलं की पुढे जा.

'अपील' रकाना मात्र रिकामा सोडू नका. ६ फेब्रुवारी १८८९ च्या कायद्याआधी फाशीच्या खटल्यात इथून वर दाद मागायची सोयच नव्हती. राष्ट्राध्यक्षांकडे दयेचा अर्ज एवढाच मार्ग. जुन्या ओळींत 'लागू नाही' लिहा. रिकामी जागा पाहून आरोपीने अपील केलंच नाही असं वाटतं, आणि तो त्या माणसावर अन्याय आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या छापील खंडांत पार्करच्या नावाने शोधलं तर बरंच निसटतं. 'वेस्टर्न डिस्ट्रिक्ट ऑफ आर्कान्सा' असं कोर्टाच्या नावाने शोधा, मग प्रतिवादी 'युनायटेड स्टेट्स' असलेलेच खटले ठेवा, नाहीतर दिवाणी दावेही येऊन पडतात. स्कॅनमध्ये ओळीच्या शेवटी 'आर्कान्सा' तुटतं, म्हणून नुसत्या 'वेस्टर्न डिस्ट्रिक्ट'नेही एकदा चाळा.

पार्कर यांना चिकटलेलं 'फाशीवाला जज्ज' हे बिरुद कुठल्याच रकान्यात घातलेलं नाही. खुनाचा दोष ज्यूरी ठरवत असे आणि त्यावर त्या काळच्या केंद्रीय कायद्यात फाशीखेरीज दुसरी शिक्षाच नव्हती. पार्कर यांचा खरा हात दिसतो तो ज्यूरीला दिलेल्या लांबलचक सूचनांत. वरच्या न्यायालयाने बोट ठेवलं तेही बहुतेकदा तिथेच. पुढचं पत्रक त्या सूचनांचं, खटल्यागणिक.