आमची वाटचाल : वागळे इस्टेटचे हँडब्रेकवाले

वडिलांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतला तो ब्रेकचे ड्रम लेथवर मारून द्यायला आणि ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या शूजना नवं लायनर बसवायला. रिक्षा, टेम्पो, जीप, जे दारात येईल ते. धंदा माझ्याकडे आला तोवर जिप्सी नि जीप मॉडिफाय करणाऱ्यांची ये-जा वाढली होती. प्रत्येकाला मागे ड्रमच्या जागी डिस्क हवी. पण ड्रम काढला की त्यातला हँडब्रेकही जातो, हे बऱ्याच जणांना गायमुखच्या चढावर गाडी थांबवल्यावरच कळतं. अशी अर्धवट कामं आमच्याकडे यायला लागली आणि नाव पडलं, हँडब्रेकवाले.

"दादा, हायड्रॉलिक टाका ना!" हे रोजचं. म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा हँडब्रेक. उभा लिव्हर दिसतो झकास, रॅलीला ठीकही आहे. पार्किंगसाठी मात्र तो एकटा आम्ही देत नाही. तेल गार झालं की आकसतं, सील जरा झिरपलं की दाब उतरतो आणि रात्री लावलेली गाडी सकाळी सोसायटीच्या गेटला टेकलेली असते. उभी गाडी धरायला केबलच हवी.

केबलवाला कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन पॅडच्या चिमटीत पकडणारा भाग, घेतला म्हणजे झालं, असंही नाही. ड्रममध्ये फिरणारं चाक एका शूला स्वतःबरोबर ओढून घट्ट बसवतं. डिस्कच्या पॅडला ती मदत नसते, त्यात टायर मोठे घातले की जोर आणखी लागतो. म्हणून आम्ही आधी पट्टी लावून मोजतो : कॅलिपरच्या आर्मला किती खेच लागते आणि आतला लिव्हर केबल किती ओढतो. दोन्ही जुळत नसतील तर हात दुखेस्तोवर ओढा, गाडी घसरणारच. शिवाय तापलेली डिस्क गार होताना आकसते, तेव्हा घाट उतरून गाडी लावलीत तर एक खाच जास्त ओढा.

जड जीपला आमची पसंती डिस्कच्या पोटातल्या छोट्या ड्रमला. जुन्या विलीज जीपसारखा ट्रान्सफर केसवरचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवरचा ब्रेकही दमदार असतो, पण मागचं एक चाक जॅकवर उचललंत की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे, ते मोकळं फिरतं आणि गाडी घरंगळते. आधी दगड लावा, मग जॅक.

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, त्यामुळे काम घेण्याआधी आरटीओत विचारून या म्हणतो. काही गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरतात. फिरोत.

सध्या भाचा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकच्या मागे लागलाय. मोटर कॅलिपरवर असली तरी कंट्रोल युनिट सोबत नसेल तर ते काम घ्यायचं नाही, असं त्याला सांगून ठेवलंय. आणि बॅटरी बसली तर ब्रेक सोडवायचा कसा, ते आधी गाडीखाली झोपून त्यानं मला दाखवायचं.