आमची वाटचाल: डब्यातली बिननावाची इंजिनं

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या डब्यांवर नाव नसतं, आणि ज्यांवर असतं त्यावर आम्ही विसंबत नाही. बिस्किटांचा नाहीतर चहाचा पत्र्याचा डबा असतो. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले राखाडी, जड तुकडे: बॉयलरचा अर्धा भाग, केबिनची एक बाजू, धुराडं, पुडीभर स्क्रू. कुणाच्या तरी वडिलांनी साठ-सत्तरच्या दशकात हौसेनं घेतलेलं आणि अर्ध्यावर राहिलेलं, रेल्वे इंजिनाच्या छोट्या मॉडेलचं व्हाइट मेटलचं किट. ते कोणत्या इंजिनाचं, कोणत्या कंपनीनं काढलेलं, त्यात काय कमी आहे हे शोधायचं आणि मग ते बांधून रुळांवर चालवून द्यायचं, हा आमचा व्यवसाय. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये, घरामागच्या खोलीत, मी आणि माझी पत्नी दोघंच तो करतो.

मी मूळचा कुर्डुवाडीचा. वडील तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. बार्शी लाइट रेल्वे ही ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली, रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच असलेली गाडी. १८९७ मध्ये ती बार्शीला पोचली. तिची सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, आणि हे नाव मी लहानपणी वडिलांबरोबरच्या जुन्या मिस्त्रींच्या तोंडून ऐकलेलं. पुढे नोकरीनं मला नेमकं लीड्सलाच आणलं. पहिल्याच रविवारी हंस्लेट भागात जाऊन किटसनचा कारखाना जिथे होता ती जागा पाहून आलो. इंजिनं बांधायचं काम तिथे १९३८ मध्येच थांबलं होतं, तरी फोनवर वडिलांनी तासभर प्रश्न विचारले.

पहिलं किट मी एका प्रदर्शनातल्या मोडीच्या खोक्यातून उचललं आणि त्याच संध्याकाळी त्याचा घुमट वितळवला. व्हाइट मेटल म्हणजे कथील, शिसं, अँटिमनी यांचा मिश्रधातू, फिरत्या रबरी साच्यात ओतलेला. घरातलं साधं सोल्डरिंग आयर्न त्याच्यासाठी फार तापतं. त्याला ७० अंशांवर वितळणारं खास सोल्डर लागतं, आणि तापमान धरून ठेवणारं आयर्न. एवढं जमलं तरी हे सोल्डर पितळेच्या चासीला, म्हणजे चाकं धरणाऱ्या खालच्या चौकटीला, धरेना. वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पितळेला आधी कल्हई कर की रे." खरंच, पितळेवर आधी १४५ अंशांच्या सोल्डरचा पातळ हात फिरवला आणि मग ७० अंशांचं सोल्डर लोण्यासारखं पसरलं. दारात भाता घेऊन बसलेला कल्हईवाला नवसागर टाकून जे करायचा, तेच हे. नवसागराच्या जागी आम्ही पातळ फॉस्फोरिक ॲसिड वापरतो एवढंच.

२०१३ मध्ये पहिलं पैसे घेऊन केलेलं काम आलं आणि तिथेच मोठी चूक झाली. खोक्यावर एका इंजिनाचं नाव होतं, त्यावर भरवसा ठेवून बांधलं, रंगवलं. गिऱ्हाईक पाहून म्हणाले, बॉयलर आमच्या इंजिनाचा नाही. कुणीतरी कधीतरी दोन किटांचे भाग एका खोक्यात भरले होते. ते सगळं उकळत्या पाण्यात घालून सुटं केलं (७० अंशांचं सोल्डर त्यात सुटतं, जुनं इपॉक्सीही बहुधा मऊ पडतं), बदली भाग शोधून पुन्हा बांधलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून ओळख पटवणं हे वेगळं काम धरतो. त्याची वेगळी फी घेतो आणि मापं, फोटो, उणीव-यादी असं लेखी टिपण देतो. काहींना ही फी खटकते. पण हेच आमचं खरं काम आहे, असं मी ठामपणे मानतो.

ओळख सुरू होते ती मोजपट्टीपासून. या किटांत प्रत्यक्षातला १ फूट म्हणजे ४ मिलिमीटर. तीन आसांमधली अंतरं ३२ आणि ३४ मिलिमीटर आली तर प्रत्यक्षात ८ फूट आणि साडेआठ फूट, म्हणजे डर्बीचं, मिडलंड या जुन्या ब्रिटिश रेल्वे कंपनीच्या घराण्यातलं इंजिन असण्याचा संभव मोठा. २९ आणि ३३ आली तर ग्रेट वेस्टर्न या दुसऱ्या रेल्वे कंपनीचं ५७०० वर्गातलं पॅनियर टँक (बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेलं इंजिन) डोळ्यांसमोर येतं. मात्र मापही फसवतं. विल्स या किट कंपनीची बरीच किटं फक्त वरच्या सांगाड्याची होती, खाली ट्राय-अँग नाहीतर हॉर्न्बी-डब्लो या खेळण्यातल्या गाड्यांची तयार चासी बसवायची. मग चाकं चासीची, आणि अंतरंही तिचीच. केज या दुसऱ्या कंपनीची किटं बहुधा चासी, चाकं, मोटार यांसकट यायची. म्हणून आत चासीच्या स्क्रूसाठी ठेवलेला ओतीव ठोकळा आहे का, हे आम्ही आधी पाहतो. तो दिसला की अर्धा पत्ता लागला.

एक काम मनातून जात नाही. एक वयस्कर बाई वडिलांचं अर्धवट इंजिन घेऊन आल्या. वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. आसांची मापं मिडलंडची, चाकांचा व्यास २१ मिलिमीटर, फायरबॉक्सचा (कोळसा जळतो त्या भागाचा) माथा सपाट: ४एफ वर्गातलं मालगाडी इंजिन. या वर्गाची एकूण ७७२ इंजिनं १९११ ते १९४१ दरम्यान झाली. मिडलंडनं बांधलेल्यांत चालक उजवीकडे, पुढे मिडलंडची वारस एलएमएस कंपनीनं बांधलेल्यांत डावीकडे. या किटच्या उजव्या बाजूचं रिव्हर्सिंग रॉडचं (चालक इंजिनाची दिशा बदलतो त्या दांड्याचं) भोक सोल्डरनं बुजवून डावीकडे हातानं नवं पाडलेलं होतं. आम्हाला ती आधी कुणाची तरी गफलत वाटली. मग कळलं, त्यांनी ज्या इंजिनांवर कोळसा टाकला ती एलएमएसची होती. ते बुजवलेलं भोक आम्ही घासून लपवलं नाही. रंगाखाली नीट पाहिलं तर आजही दिसतं.

रंगकाम आणि बारीक रेघा पत्नीच्या. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना घेतलेलं रुलिंग पेन ती अजून वापरते. कानशी माझ्याकडे वेगळ्या ठेवलेल्या आहेत, कारण हा मऊ धातू कानशीचे दात भरून टाकतो. आधी खडू घासला तर कमी भरतात. शिशाचा कीस घरात जाऊ नये म्हणून खोलीला वेगळे कपडे, वेगळं बेसिन. जुन्या ओतकामावर पांढरी भुकटी दिसली तर ते शिशाचं गंजणं आहे. तसा डबा लाकडी कपाटात, विशेषतः ओकच्या, ठेवू नका, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

सध्या टेबलावर पाच कामं आहेत. सहावं आमचं स्वतःचं: बार्शी लाइटचं किटसननं बांधलेलं इंजिन, मूळ रेखाचित्रांवरून. २ फूट ६ इंच म्हणजे बरोबर १० मिलिमीटर; बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ आम्हाला नको, म्हणून रूळही हातानं बसवतोय. वडील आता नाहीत. त्यांची पितळी मोजपट्टी इथे आहे आणि आसांची अंतरं तिनंच मोजून घेतली आहेत.