रातराणीच्या शॉर्टफिल्मचं म्युझिक : इंजिनाचा सा काळी तीन

पिक्चर लॉक झालंय! म्हणजे आता कट हलणार नाहीत, त्यामुळे इतके दिवस नुसते स्केच म्हणून पडलेले तुकडे आता खरे क्यू, म्हणजे ठराविक सीनसाठीचं पक्कं म्युझिक, व्हायला लागलेत. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : 22 मिनिटांची फिल्म, एसटीची रातराणी, रिटायरमेंटला आलेला कंडक्टर, रात्री डेपोतून गाडी सुटते आणि पहाटे पोचते, गोष्ट एवढीच. पैसे जवळपास नाहीतच, म्हणून ऑर्केस्ट्रा सगळी सॅम्पल्सची (म्हणजे आधी रेकॉर्ड केलेले सूर कीबोर्डवरून वाजवायचे) आणि सोबत एक खरं व्हायोलिन.

या वेळी मुख्य काम इंजिनावर झालंय आणि मला त्याबद्दलच जास्त लिहायचंय. दिग्दर्शकाकडून डायलॉग आणि गाडीचा आवाज वेगवेगळे मागून घेतले, इंजिनाचा ट्रॅक अ‍ॅनालायझरवर टाकला, तर गाडी एका स्पीडला चालताना घरघर 90 हर्ट्झच्या आसपास ठाण मांडून बसलेली दिसते. हिशोबही जुळतो, सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन म्हणजे एका फेऱ्यात तीन स्फोट, 1800 आरपीएमला सेकंदाला 30 फेरे, 30 गुणिले 3, झाले 90. आणि खालचा एफ शार्प आहे 92.5 हर्ट्झचा. म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत काळी तीन, किंचित उतरलेली. मग गाडी चालू असतानाच्या प्रत्येक क्यूचा सा काळी तीनच ठेवला. इंजिन तानपुऱ्यासारखं खाली लागलेलं आहे आणि वर संगीत चाललंय, असं ऐकताना वाटतं, आणि गंमत म्हणजे म्युझिकचा व्हॉल्यूम कितीतरी कमी ठेवूनही ते पोचतं कारण खालच्या आवाजाशी भांडण नाही. गिअर बदलताना मात्र घरघर वर-खाली सरकते, तिथे कुठलाच लांब सूर चालत नाही, सरळ बेसूर लागतो. म्हणून गिअर कुठे बदलतो ते टाइमलाइनवर मार्कर लावून ठेवलेत आणि फ्रेझ (सुरांची ओळ) तिथे श्वास घेईल अशी लिहिलीये.

याच कारणाने धावत्या गाडीत चेलो आणि डबल बास, म्हणजे व्हायोलिनचे खर्जातले मोठे भाऊ, पूर्ण बंद. चेलोची सगळ्यात खालची तार 65 हर्ट्झची, बासची 41, हा सगळा एरिया इंजिनाचा आहे, तिथे घातलेलं काहीही चिखल होतं. व्हायोलाची (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं वाद्य) खालची तार 130.8 हर्ट्झची, म्हणून सध्या व्हायोला हाच माझा बास आहे. मग घाटातल्या ढाब्यावर गाडी थांबते, ड्रायव्हर इंजिन बंद करतो, आणि तिथे पहिल्यांदा चेलो-बास येतात, अगदी हळू, एकच लांब सूर. हेडफोनवर ऐकताना अक्षरशः खोली मोठी झाल्यासारखी वाटते. मला विचाराल तर या फिल्ममधला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

सॅम्पल्सची लायब्ररी कुठली असं नेहमी विचारलं जातं, तर मुख्य काम स्पिटफायर कंपनीच्या बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हरवर चाललंय. फुकट आहे, साइझ जेमतेम 200 एमबीच्या आसपास, जुन्या लॅपटॉपवरही पळते. प्रो व्हर्जनमध्ये माइक पोझिशन आणि आर्टिक्युलेशन (वाजवण्याच्या पद्धती) खूप जास्त आहेत पण ती शेकडो जीबीची गोष्ट आहे, आणि माझं म्हणणं असं की छोट्या फिल्मला डिस्कव्हर पुरते, फक्त हात चालवावा लागतो. हात म्हणजे सीसी1 आणि सीसी11, फेडरने हलवायचे दोन मिडी कंट्रोल. दोन्ही 0 ते 127, दोन्हींनी आवाज वाढतो असं वाटतं, पण सीसी1 हळू वाजवलेल्या रेकॉर्डिंगमधून जोरात वाजवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये नेतो म्हणजे आवाजाचा पोतच बदलतो, आणि सीसी11 फक्त लहानमोठं करतो. मी सीसी1 आधी एका दमात फेडरने वाजवून घेतो, माऊसने रेघ काढत नाही, कारण माऊसची रेघ फार सरळ येते आणि कानाला लगेच कळतं. नंतर सीसी11 ने फक्त फ्रेझची शेपटी उतरवायची. गाडीतल्या क्यूंमध्ये सीसी1 70 च्या वर जातच नाही, सगळं कुजबुजतच राहतं.

अजून एक, जे नवीन लोकांना कोणीतरी सांगायला पाहिजे : मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिली व्हायोलिनं साधारण 16 असतात, तेवढ्या लोकांच्या पॅचवर (लायब्ररीतल्या तयार आवाजावर) तीन सुरांचा कॉर्ड दाबला की एकदम 48 व्हायोलिनं वाजायला लागतात, आणि मग रात्रीच्या बसमध्ये एकटा बसलेला माणूस त्याखाली दबून जातो. एका सेक्शनला एक सूर द्या, बाकीचे सूर दुसऱ्या व्हायोलिनांना, व्हायोलांना वाटा. लिहायला वेळ लागतो पण तोच आवाज एकदम हलका आणि खरा होतो.

टेम्पोबद्दल पटकन. फिल्म सेकंदाला 24 फ्रेमची आहे, 72 बीपीएमला (मिनिटाला 72 बीट) एक बीट बरोबर 20 फ्रेमचा पडतो, त्यामुळे कट आणि बीट मोजायला सोपं जातं. पहिला क्यू कंडक्टरच्या डबल बेलवर सुरू होतो, दुसऱ्या टणत्कारावर व्हायोला आत. बेल मी ट्यून वगैरे केलेली नाही, ती जशी आहे तशीच छान आहे.

डायलॉगखाली ओबो काढून टाकला. ओबोचा नाकातला आवाज आणि आमच्या नटाचा आवाज एकाच ठिकाणी येतात, शब्द ऐकू येत नाहीत. तिथे बासरी, तीही खालच्या सप्तकात, आणि क्लॅरिनेट.

आता व्हायोलिन. थीम बागेश्रीच्या अंगाने आहे, म ध नि ध, म ग रे सा, रात्रीचा राग म्हणून आणि मला तो मनापासून आवडतो म्हणून पण. हे सॅम्पल्सवर वाजतच नाही. लेगॅटो, म्हणजे सूर जोडून वाजवायच्या, पॅचमध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याची ठराविक रेकॉर्डिंग असतात, त्यात मधला प्रवास आपल्या हातात नसतो, आणि बागेश्रीत म वरून कोमल ग ला कसं उतरता यातच सगळा जीव आहे. पिच बेंड लावला तर नुसता सूर सरकत नाही, वाद्याची लाकडी पेटी आणि हॉलचा घुमारा पण सोबत सरकतो, म्हणून प्लास्टिक वाटतं. ओळखीच्या एक ताई हिंदुस्थानी व्हायोलिन वाजवतात, त्यांना ट्रॅक पाठवला, त्या म्हणाल्या, ‘‘काळी तीन का? बरं, मी उतरवून लावते तारा,’’ आणि घरी येऊन बेडरूममध्ये गाद्या उभ्या लावून रेकॉर्ड करून गेल्या. एक वाद्य खरं आलं की मागची सगळी सॅम्पल्स पण खरी वाटायला लागतात, हे ऐकून माहीत होतं, पण आपल्याच क्यूवर होताना बघणं फार भारी आहे. फक्त बेडरूमचा आवाज कोरडा असतो आणि सॅम्पल्समध्ये स्टुडिओची हवा आधीच आहे, म्हणून व्हायोलिनला कॉन्व्होल्यूशन रिव्हर्ब (खऱ्या जागेचा घुमारा देणारा इफेक्ट) लावून मागे नेलं, अगदी मागे नाही, पहिल्या रांगेच्या थोडं पुढे.

अजय-अतुलनी 2016 साली आलेल्या सैराटसाठी हॉलिवूडच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर खरी सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतली, तेव्हापासून मराठी प्रेक्षकाच्या कानाला तो आवाज माहितीये. त्याच्याशी सॅम्पल्सनी स्पर्धा करू नये असं माझं ठाम मत आहे. थोडी वाद्यं, जवळचा आवाज, आणि त्या गाडीत जे आधीच वाजतंय त्याच्याशी जुळवून घेणं, यात आपल्यासारख्यांना भरपूर जागा आहे.

राहिलंय ते पहाटेचं. डेपोत इंजिन बंद होतं, म्हणजे रात्रभर लागलेला सा जातो. दिग्दर्शकाला तिथे पूर्ण शांतता हवीये, मला व्हायोलाने तो सा चार बार धरून ठेवावा असं वाटतंय, म्हणून दोन्ही करून देतोय. स्टेम्स (वाद्यगटांचे वेगवेगळे ट्रॅक) 48 किलोहर्ट्झ 24 बिट, वरच्या स्ट्रिंग्ज, चेलो-बास, वुडविंड (बासरी-क्लॅरिनेट), आणि ताईंचं व्हायोलिन वेगळं, म्हणजे मिक्स करणाऱ्याला डायलॉग आला की फक्त वुडविंड खाली ओढता येईल. तुमच्यापैकी कोणी डिस्कव्हरच्या व्हायोलांना ट्रॅक डिले (ट्रॅक वेळेत मागे-पुढे सरकवणं) किती देता ते सांगा, मी लांब सुरांना मायनस 120 मिलिसेकंदांवर थांबलोय आणि पिझिकाटोला (बोटाने छेडलेल्या सुरांना) वेगळा ट्रॅक करून त्याला जवळपास शून्य ठेवलाय.